मडक्याबद्दल कोणी विचारत नाही

केनियाच्या किनाऱ्याजवळ गेडी म्हणून एक जुनं, ओसाड पडलेलं दगडी गाव आहे, तिथल्या म्युझियममध्ये काचेच्या कपाटासमोर उभं राहून मी गाइडना विचारलं, "यातलं इंडियातून आलेलं काय आहे?" साधाच प्रश्न होता. नवरा आणि लेक बाहेर माकडांचे फोटो काढत होते, आत आम्ही दोघंच, वर पंखा कुरकुरत होता. गाइड म्हणजे साठी उलटलेले, तिथल्याच गिरियामा जमातीतले एक आजोबा, पांढरे बारीक कापलेले केस, कडक इस्त्रीचा शर्ट, पायात टायरच्या चपला. तास-दीड तास त्यांनी आम्हाला अख्खं गाव फिरवून दाखवलं होतं. मी त्यांना म्झे, म्हणजे वडीलधारे, म्हणत होते, ते मला मामा म्हणत होते, इथे बाईमाणसाला मानाने मामा म्हणतात आणि नैरोबीतल्या अकरा वर्षांत मला त्याची इतकी सवय झालीय की माहेरी फोन करताना मामाचा विषय निघाला की क्षणभर मीच गोंधळते. तर म्झेंनी कपाटाकडे बोट दाखवलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मामा, इथे येतो तो प्रत्येक माणूस आपलंच शोधतो. चिनी माणूस वाडगा कुठाय विचारतो. इटालियन माणूस व्हेनिसचा मणी विचारतो. तुम्ही इंडियाचं विचारलंत. मडक्याबद्दल कोणी विचारत नाही."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. लगेच त्यांनी मला मणी दाखवले, कुठल्या घरात काय सापडलं ते सांगितलं, मी फोटो काढले, थँक्यू म्हटलं, टिप दिली. वाटामूला, समुद्रावर आम्ही उतरलो होतो तिथे, परत येईपर्यंत मी ते विसरले पण होते. रात्री जेवून पडले, बाहेर भरतीचा आवाज, मच्छरदाणीत एक डास शिरलेला, आणि तेव्हा ते वाक्य आलं ते आलंच.

मडक्याबद्दल कोणी विचारत नाही.

खरं सांगायचं तर मी तो प्रश्न सहज विचारलाच नव्हता. तो प्रश्न मी नैरोबीहून बरोबर घेऊन गेले होते. माझं माहेर कोकणातल्या चौलचं. आमच्या वाडीत पहिला मोठा पाऊस झाला की पोफळींच्या बुडाशी, पाटाच्या कडेला माती धुऊन निघायची आणि मणी वर यायचे. ज्वारीच्या दाण्याएवढे, काही त्याहून बारीक, विटकरी रंगाचे, मधूनच एखादा हिरवा किंवा पिवळा. आम्ही पोरं ते वेचायचो, नारळाच्या करवंटीत साठवायचो, दोन दिवस खेळायचो आणि हरवायचो. कोणाला त्याचं काही विशेष नव्हतं. आईने तेवढे सात-आठ मणी कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवलेत, अजून आहेत. गावातली म्हातारी माणसं म्हणायची पूर्वी इथे मोठं बंदर होतं, जहाजं लागायची, आणि आम्ही हो हो म्हणून ऐकायचो, कारण आमच्यासमोर तर चिखल होता, भरती-ओहोटीची खाडी होती आणि वाडीतलं शिंपणं होतं.

मग लग्न, मग नवऱ्याची नोकरी, मग नैरोबी. इथे आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कधीतरी मी एक शोधनिबंध वाचला, २००८ सालचा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जुन्या मुसलमान गावांमध्ये जे काचेचे मणी सापडतात त्यांची काच तपासली होती. लेझरचा इतका बारीक ठिपका मारतात की मण्यावर डोळ्याला काही दिसत नाही, आणि त्या ठिपक्यातून निघालेल्या वाफेवरून काचेत काय काय आहे ते कळतं. केनियातल्या मण्यांचा एक गट निघाला, युरेनियम जास्त, बेरियम कमी, नवव्या शतकापासून थेट एकोणिसाव्या शतकापर्यंतचा. आणि तशीच काच दुसरीकडे कुठे मिळाली? चौलला. ते वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, एवढं मला भरून आलं होतं. आमच्या पाटाच्या कडेचा तो मणी! ज्याला कोणी विचारत नव्हतं तो समुद्र ओलांडून इथे आधीच येऊन राहिलेला होता, माझ्या कितीतरी आधी. त्या दिवसापासून किनाऱ्यावर कुठेही गेले की माझी नजर तेच शोधायची. लामू, मोम्बासा, झांझिबार. आपलं काय आहे इथे.

म्हणून ते वाक्य लागलं. म्झेंना माझा करंडा माहीत नव्हता, तरी त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

गेडी मी त्याआधीही एकदा बघितलं होतं, पण घाईत, मुलगी लहान असताना. या वेळी नीट फिरले. समुद्र तिथून काही किलोमीटरवर, आणि गाव जंगलात. म्हणजे आता जंगल, तेव्हा गाव. भिंतींवर झाडं चढलीत, एकेका मुळाने अख्खा दरवाजा कवेत घेतलाय, वर साइक्स माकडं, खाली पाचोळा आणि तो एक कुबट गोडसर वास, जो आमच्याकडे पावसाळ्यात बंद घराचं कुलूप काढल्यावर येतो. घरं दगडाची, पण हा दगड म्हणजे पोवळ्याचा, प्रवाळाचा. जमिनीतला जुना, खडबडीत प्रवाळदगड भिंतींना, आणि समुद्रातला जिवंत खडक दाराच्या चौकटींना, मेहराबींना. म्झे सांगत होते की समुद्रातून काढला की तो इतका मऊ असतो की कोरून घ्यायचा तेव्हाच कोरून घ्यायचा, नंतर हवा लागली की कडक होतो. मी तिथेच थांबले. कारण जांभा तसाच असतो. आमच्या घराचा जांभा खाणीतून काढताना आजोबांनी बघितलेला, ते सांगायचे की ताजा चिरा कुऱ्हाडीने तासता येतो आणि दोन उन्हाळे खाल्ले की त्याचं लोखंड होतं. चुना पण तसाच, इथे लाकडं गोल रचून त्यावर प्रवाळाचा ढीग घालून जाळायचे, आमच्याकडे शिंपल्यांची भट्टी लावायचे. गेडीच्या भिंतीवर अजून कुठे कुठे तो गिलावा आहे, हात लावला की थंड आणि गुळगुळीत, कडेला फुटलाय तिथे खालचा खडबडीत दगड दिसतो, त्यात बारीक बारीक चांदण्या, म्हणजे एकेकाळी जिवंत असलेल्या प्रवाळाची घरं. भिंतीत घरं, घरांच्या भिंती. मी किती वेळ तो एकच तुकडा बघत होते.

खोल्या मात्र अरुंद. लांब आहेत पण रुंदीला अडीच-तीन मीटरच्या पुढे जात नाहीत, कारण छत पेलायला खारफुटीची लाकडं आणि ती तेवढीच लांब मिळतात. श्रीमंताचं घर असो, महाल असो, वासा तेवढाच. या गावांना केवढा पैसा होता, चीनचे वाडगे जेवायला, पण झोपायच्या खोलीची रुंदी खाडीतल्या झाडाने ठरवलेली. मला हे फार आवडलं, का ते सांगता येणार नाही.

आणि घरांची नावं. गेडीचं उत्खनन जेम्स कर्कमनने केलं, १९४८ ते १९५८, आणि घरांमध्ये राहणाऱ्यांची नावं तर कुठेच लिहिलेली नव्हती, मग ज्या घरात जे सापडलं त्यावरून नावं पडली. कवड्यांचं घर. कात्रीचं घर. चिनी वाडग्याचं घर. हस्तिदंती पेटीचं घर. लोखंडी दिव्याचं घर, आणि तो दिवा आपल्याकडचा, भारतातला. म्हणजे बघा, माणूस गेला, त्याचं नाव गेलं, बायकोचं नाव तर कधी बाहेर आलंच नसेल, आणि घराला नाव मिळालं ते त्यांच्या हातून हरवलेल्या किंवा टाकून दिलेल्या वस्तूचं. त्या घरात कोणीतरी कात्री शोध शोध शोधली असेल. "इथेच तर ठेवली होती" म्हणत पोरांवर चिडली असेल. सहाशे वर्षांनी तिच्या अख्ख्या घराची ओळख ती न सापडलेली कात्री. आमच्याकडे घरांना आडनावं असतात, वाड्यांना असतात, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या नावाने अजून पायवाट ओळखतात. मला वाटलं उद्या आमची वाडी समुद्रात गेली आणि कोणी उकरली तर आमच्या घराला काय म्हणतील? प्रेशर कुकरच्या शिट्टीचं घर?

तारीख लिहिलेली जागा म्हणावी तर ती तारखेची कबर. त्यावर हिजरी ८०२ असं कोरलेलं आहे, म्हणजे इसवी १३९९. गावाचा काळ ठरवायला त्या एका आकड्याचा मोठा आधार आहे. शेजारच्या मशिदीत विहीर, पाय धुवायची जागा, तीन पायऱ्यांचा मिंबर, म्हणजे प्रवचनाची बैठक, अगदी आटोपशीर. म्झेंनी मशिदीत शिरताना चपला काढल्या. छप्पर नाही, भिंती अर्ध्या, वर आभाळ, मुंग्यांच्या रांगा, तरी काढल्या. मी पण काढल्या. ते स्वतः मुसलमान नाहीत, मी विचारलं, म्हणाले आम्हा गिरियामांसाठी ही जागा जुन्या लोकांची आहे, इथे ते अजून असतात. त्यावर मी काही बोलले नाही. पायाखाली गार लागत होतं.

पोर्तुगीज मालिंदीला, तिथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, सोळाव्या शतकात वर्षानुवर्षं राहिले, पण त्यांच्या कागदपत्रांत गेडी नावाचं एक अक्षर नाही. सतराव्या शतकात गाव ओसाड पडलं. विहिरींचं पाणी खाली गेलं हे एक कारण सांगतात, मशिदीजवळची विहीर पुन्हा पुन्हा खोल केलेली दिसते. हे वाचताना मला आमच्या विहिरीचा तळ दिसतो, मे महिन्यातला, आणि बाबांचं वाकून बघणं. आता २०२४ पासून गेडी जागतिक वारसा यादीत आहे, बोर्ड नवीन लागलेत.

त्या रात्री मच्छरदाणीत मी फोन उघडून बसले आणि मडक्यांचं वाचायला लागले. इतकी वर्षं या गावांबद्दल वाचत होते पण मडक्यांचं पान आलं की पुढे सरकवायचे, आकृत्या, काठाचे आकार, रुक्ष वाटायचं सगळं. आता थांबून वाचलं. आणि लाज वाटली. कारण या किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांमध्ये उकरल्यावर जी खापरं निघतात त्यात बाहेरची, म्हणजे चीनची, इराणची, आपल्याकडची सगळी मिळून शंभरात पाचसुद्धा भरत नाहीत. उरलेली पंचाण्णव इथली. हाताने घडवलेली, उघड्या जाळावर भाजलेली, रोजच्या स्वयंपाकाची. सगळ्यात जुन्या मडक्यांच्या खांद्यावर ओल्या मातीत काडीने कोरलेले त्रिकोण असतात, त्रिकोणात तिरक्या रेघा, एकामागून एक, आणि ही एकच नक्षी लामूपासून मोझांबिकपर्यंत, पार कोमोरोस बेटांपर्यंत मिळते. सातव्या ते दहाव्या शतकातली. म्हणजे मशिदी दगडाच्या व्हायच्या आधीची, सुलतान यायच्या आधीची, आमचा मणी यायच्याही आधीची.

आणि मग ही गावं कोणी बांधली हा जुना वाद. कर्कमन, त्याच्यानंतर खाली टांझानियात किल्वा बेटावर खणणारा नेव्हिल चिट्टिक, त्यांच्या पिढीला वाटायचं की एवढी दगडी शहरं म्हणजे बाहेरून आलेल्यांची, अरबांची किंवा इराण्यांची, आफ्रिकेच्या काठाला येऊन लागलेली. मग १९८० च्या दशकात मार्क हॉर्टनने लामूजवळच्या पाते बेटावर शांगा नावाचं जुनं गाव खणलं. वरती अकराव्या शतकातली दगडी मशीद. तिच्या खाली आणखी एक, तिच्या खाली आणखी एक, लाकडाची, मातीची, त्याच जागी, थोडी थोडी मोठी होत गेलेली, आणि सगळ्यात तळाशी इसवी ७८० च्या सुमाराची एक चिमुकली, तिच्या फक्त खांबांचे खळगे उरलेत मातीत. अंगणं तीच, आखणी तीच, कुडाच्या जागी दगड येत गेला एवढंच. कोणी जहाजातून शहर उतरवलं नव्हतं. आमच्याकडे कुडाचं घर पाडून तिथेच चिऱ्याचं बांधतात आणि पुढे तिथेच स्लॅबचं, तुळशीची जागा मात्र हलत नाही, तसं. शांगा १४२५ च्या सुमाराला सोडून दिलं गेलं. आणि स्वाहिलीत मण्यांना शांगाच म्हणतात, ही एक गंमत मला फार उशिरा कळली.

पण मग २०२३ मध्ये हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास आला, किनाऱ्यावरच्या जुन्या कबरींमधली ऐंशी माणसं, आणि त्याने गोष्ट परत फिरवली, पण पूर्ण नाही. आईकडून आलेला वारसा जवळजवळ सगळा आफ्रिकेचा, बापाकडून आलेला बराचसा आशियाचा, त्यातही मुख्य इराणचा, थोडा हिंदुस्थानचा. सरमिसळ सुरू झाली ती इसवी १००० च्या सुमाराला. किल्वाच्या बखरीत इराणमधल्या शिराझहून आलेल्या राजपुत्राची कथा आहे, त्याने बेटाला वेढा घालेल इतकं कापड देऊन बेट विकत घेतलं म्हणे, तिला लोक नुसती दंतकथा म्हणायचे, आता तेवढं सरळ म्हणता येत नाही. मला मात्र त्यातली एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. बाप कुठूनही आला तरी घरात भाषा आईची राहिली. स्वाहिली ही इथलीच भाषा, बांटू कुळातली, तिच्यात शब्द घेतलेत सगळ्यांचे, आमचे पण, गाडीला गारी, बांगडीला बांगिली, पैशाला पेसा. पण वाक्य इथलं. आणि मडकी पण आईचीच राहिली. बापाने चिनी वाडगा आणला, आईने भात मडक्यातच शिजवला.

बघा, परत मी आमचे शब्द मोजले. सवय जात नाही.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३१ मध्ये या किनाऱ्याने गेला. मोगादिशूला त्याला जे जेवण वाढलं ते त्याने इतकं बारकाईने लिहिलंय की पहिल्यांदा वाचताना मी मोठ्याने हसले होते आनंदाने. तुपातला भात मोठ्या लाकडी ताटात, त्यावर कोंबडी, मटण, मासे, भाज्या, दुधात शिजवलेली केळी, आणि तोंडी लावायला मुरवलेलं लिंबू, मिरीच्या घडांचं लोणचं, ओलं आलं आणि कैऱ्या. कैऱ्यांचं लोणचं! मोम्बासाला तर त्याने एक फळ खाल्लं, ऑलिव्हसारखं दिसणारं, आत तशीच बी, पण खूप गोड, आणि तिथले लोक त्याला जम्मून म्हणतात असं तो लिहितो. जांभूळच की. हे सगळं मी वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना सांगत आलेय, "बघा, सातशे वर्षांपूर्वी इथे आपलं लोणचं होतं." आता त्याच पानावर दुसरी ओळ दिसते, जी मी कधी कोणाला सांगितली नाही. मोम्बासाच्या मशिदी लाकडाच्या आणि उत्तम बांधलेल्या होत्या, दाराशी विहीर, विहिरीवर लाकडी डाव, माणसं पाय धुऊन आत जायची, आणि सगळे अनवाणी चालायचे. ते अनवाणी पाय मी कधी बघितलेच नव्हते. लोणच्यापाशी थांबले होते.

आणि अभिमानाची दुसरी बाजू पण आहेच, तिच्याकडे मी बघायचं टाळत होते. अल-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या आसपास, आमच्या चौलला होता, तो सैमूर म्हणतो, तिथे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहिलंय. आणि त्याच हिजरी सालात तो आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरून ओमानला परत गेला. एकाच माणसाच्या एकाच वर्षात माझी दोन्ही गावं! तो लिहितो इथला हस्तिदंत ओमानमार्गे चीनला आणि हिंदुस्थानात जातो, आपल्याकडे त्याच्या कट्यारींच्या आणि तलवारींच्या मुठी करतात, बुद्धिबळाच्या सोंगट्या करतात. तर मणी इकडे आले आणि हत्तींचे दात तिकडे गेले. सोनं गेलं, खाली मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या सोफाल्याचं. आणि माणसं पण गेली. चौलहून दोन तासांवर जंजिरा आहे, आम्ही शाळेच्या सहलीला गेलेलो, होडीत बसून, सिद्दी म्हणजे हबसाणातून, आफ्रिकेतून आलेले एवढंच बाईंनी सांगितलं होतं आणि आम्ही तोफा मोजल्या. ते कसे आले, किती जण विकले जाऊन आले, हा प्रश्न तेव्हा वर्गात कोणाला पडला नाही. माझ्या हातातल्या विटकरी मण्याच्या बदल्यात नेमकं काय गेलं असेल हे त्या मण्यावर लिहिलेलं नाही. पण काहीतरी गेलं होतं. मणी फुकट येत नाहीत.

परतीच्या दिवशी मोम्बासाला ट्रेनला चार तास होते. मी नवऱ्याला म्हटलं मला मार्केटमधून मडकं घ्यायचंय. तो म्हणाला नैरोबीत मिळत नाही का. मिळतं, पण मला इथलं हवं होतं. जुन्या बाजाराच्या कडेला एक बाई बसली होती, समोर पाच-सहा चुंगू मांडलेले, चुंगू म्हणजे स्वयंपाकाचं मातीचं भांडं. शेजारी एक मुलगा माबुयू विकत होता, गोरखचिंचेच्या बिया लाल साखरेत घोळवलेल्या, लेकीने घेतल्या आणि तिची जीभ, ओठ, फ्रॉक सगळं लाल झालं. मी त्या बाईंना शिकामू म्हटलं, मोठ्यांना करायचा नमस्कार, त्या मराहबा म्हणाल्या, आणि मग मी विचारलं हे कसं करतात. त्यांना नवल वाटलं असावं. त्यांनी एक भांडं उचलून माझ्या हातात दिलं आणि माझा हात धरून आत घातला. चाक नाही, म्हणाल्या, हातानेच, बुडापासून वळत वळत वर. आतून बोटं फिरवली तर कळतं, भिंत सारखी नाहीये, ठिकठिकाणी दाबलेलं, अंगठ्याएवढे खळगे. एका खळग्यात माझा अंगठा बरोबर बसला. बाहेरून गुळगुळीत, काठाखाली नखाने काढलेल्या चंद्रकोरींची एक ओळ, आणि ओळ जिथे सुरू झाली तिथेच परत येऊन मिळताना शेवटच्या दोन चंद्रकोरी जरा दाटीवाटीने, जागा कमी पडली म्हणून. मी तो सांधा कितीदा बघितला. बांगडी भरल्यासारखी ती ओळ.

त्या चुंगूत आमच्याकडे आठ महिने नारळाच्या रसातले मासे शिजले. खाली जिको, म्हणजे शेगडी, कोळशाची धग, आणि पहिल्या काही वेळा रश्शाला मातीचा वास, नंतर मातीला रश्शाचा. मग एप्रिलमध्ये ओट्यावरून निसटला आणि गेला. सात तुकडे. लेक रडवेली झाली, मी पण थोडी झाले.

तुकडे टाकवेनात. आणि तेव्हाच तुम्बेचं वाचलेलं आठवलं. झांझिबारच्या उत्तरेला पेम्बा बेटावर तुम्बे म्हणून जागा आहे, सातव्या ते दहाव्या शतकातली वस्ती, तिथे ढिगाने अशी खापरं निघालीत ज्यांच्यावर खोबणी आहेत. लांबट, बोटाएवढ्या रुंद, झिजून झिजून पडलेल्या. खूप काळ त्यांच्याकडे कोणी विशेष बघितलं नव्हतं. त्या मणी घासायच्या खापऱ्या आहेत. मडकं फुटलं की त्याचे तुकडे घ्यायचे, समुद्रावरच्या शिंपल्याचे बारीक चौकोन फोडायचे, भोक पाडायचं, आणि खापरीवर घासून घासून गोल करायचे. शांगालाही अशा खापऱ्या निघाल्यात. घराघरात चालायचं हे काम. म्हणजे आमचा चौलचा मणी इथे आला तेव्हा तो काही उघड्या गळ्यांमध्ये आला नव्हता. इथे मणी होते. स्वयंपाक संपल्यावर, त्याच फुटक्या मडक्यावर, बसल्या बसल्या केलेले.

वाटामूच्या किनाऱ्यावर लेकीने वेचलेल्या शिंपल्यांची पिशवी बाल्कनीत पडून होती. रविवारी दुपारी मी त्यातला एक जाड फुटका शिंपला घेतला, पक्कडीने त्याचा नखाएवढा तुकडा पाडला, चुंगूचा बुडाकडचा सगळ्यात मोठा तुकडा मांडीवर घेतला, थोडं पाणी शिंपडलं आणि घासायला लागले. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. शिंपला घसरतो, बोटाचं टोक खापरावर घासलं जातं. मग एक कोपरा बोथट होतो. पांढरी पेज सुटते, तिला चुन्याचा वास आणि मागून थोडासा मासळीचा. लेक येऊन बसली, म्हणाली आई काय करतेस, म्हटलं मणी. ती म्हणाली एवढा वेळ? तिनेही एक तुकडा घेतला. आम्ही दोघी तासभर घासत बसलो, बोललो फारसं नाही, खाली रस्त्यावर माताटूंचे, इथल्या मिनीबसचे, हॉर्न चालू होते. तिचा तुकडा मध्येच दुभंगला, तिने दुसरा घेतला. माझ्या तुकड्याच्या तीन बाजू गोल झाल्या, चौथी अजून तिरकी आहे, भोक पाडायचं तर पुढेच राहिलं. पण उठताना खापर पुसलं आणि उजेडात धरलं तेव्हा काळ्या काजळीवर एक फिकट पट्टा उमटलेला दिसला, बोट फिरवलं तर लागेल न लागेल इतका उथळ. लेकीने पण बोट फिरवून बघितलं. मग ते खापर मी ओट्यावर नेऊन ठेवलं, पुढच्या रविवारसाठी.